कुठे दुखतं, ते सांग

अकोट, २१ जुलै २०२५

चि. दामिनीस,
बाबाचा आशीर्वाद.

फोनवर तू "बरी आहे" म्हणतेस आणि ठेवून देतेस. तेवढ्यानं माझं पोट भरत नाही, म्हणून कागद घेतला. कागदाचं बरं असतं, तो मधेच कापता येत नाही. घडी घालून ठेवलास तरी टेबलावर पडून तुझ्याकडे बघत राहील.

परवा तुझ्या आईचं वर्षश्राद्ध झालं. तू येणार नाहीस हे मला आतून माहीत होतं. तरी अमरावतीची दुपारची गाडी फाट्यावर थांबते त्या वेळेला मी सहज म्हणून बांधापर्यंत जाऊन आलो. गोदामावशी आली होती. "पोरगी कुठी हाय?" म्हणाली. मी म्हटलं, तिच्या क्लासच्या मुलांच्या परीक्षा आहेत. जुलैत कसल्या परीक्षा, हे तिच्या तोंडावर आलं होतं, पण तिनं ते वड्यासोबत गिळलं. तेरवीला मी तिला चारचौघांत गप्प केलं होतं, ते ती विसरलेली नाही. आणि तू तिचं वाक्य विसरलेली नाहीस. "मायले शेवटचं बोलू बी नाई देल्लं पोरीनं." मी तिला तिथल्या तिथे तोडलं खरं, पण काटा ओढून काढला तरी टोक आत राहून जातं.

त्या गोष्टीबद्दल घरात कुणी सरळ बोलत नाही. सगळे "ते झालं ना तेव्हा" म्हणतात आणि पुढे जातात. म्हणून मीच एकदा सरळ लिहितो. तुझ्या आईचा रोग मणक्यात उतरला होता. अकोल्याच्या डॉक्टरांनी आपल्याला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं, की आता बरं होणं नाही. औषध वाढवलं तर दुखणं थांबेल, पण गुंगी येईल आणि मग बोलणं बहुतेक होणार नाही. काय करायचं ते घरच्यांनी सांगा. मी, गोदा, सगळे तुझ्याकडे पाहायला लागलो, कारण शिकलेली तू. तू म्हणालीस, "वाढवा." ती झोपली. रोगानं तिला झोपेतच नेलं. एवढंच झालं. लिहून काढलं तर पाच-सहा ओळींचं आहे, पण तू ते वर्षभर डोक्यावर घेऊन फिरते आहेस.

शेजारच्या माणिकबाईची प्रणाली तिकडे अमरावतीत, राजापेठेत, तुझ्या क्लासच्या गल्लीतच राहते ना. ती तिच्या आईला म्हणाली, ताईचा क्लास महिन्यापासून बंद आहे, आणि ताई दार उघडते पण आत या म्हणत नाही. पोरीला रागावू नकोस. तिनं चहाडी केली नाही, तिला भीती वाटली.

तुझ्या खोलीतली पेटी उघडली. पुस्तकांना कसर लागते म्हणून कडुनिंबाचा पाला घालायचा होता. त्यात तू शिकवायचीस ते अस्तित्ववादाचं पुस्तक सापडलं. मी सातवीपर्यंतचा माणूस, पण वाचायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही हे तुला मीच शिकवलं. तूर निवडावी तसं वाचतो आहे, ओळ-ओळ हातावर घेऊन. त्यात म्हटलंय, की अंगाचं दुखणं हे नुसतं होतं, दगडावर ऊन पडावं तसं. मनाची व्यथा वेगळी. ती त्यालाच होते ज्याला काहीतरी ठरवावं लागतं, आणि ठरवताना टेकायला भिंत नसते. त्या ओळीखाली तू पेन्सिलीनं दोनदा रेघ ओढली आहेस. दुसऱ्या वेळी कागद फाटेस्तोवर.

या दोहोंत जड कोणतं, ते मला लिहून कळव. माझं मत मी अजून सांगत नाही.

अक्षर वाकडं आलंय, कारण खाट हलते आहे.

तुझा
बाबा


अकोट, ८ ऑगस्ट

चि. दामिनी,

तुझा मेसेज माणिकबाईच्या नवऱ्यानं, पुंजारामानं, मोठ्यानं वाचून दाखवला. माझा चष्मा सापडत नव्हता. "शरीराचं दुखणं माणसाला वस्तू करतं, बाबा. व्यथा माणसाला माणूस करते. पण म्हणून ती पेलवते असं नाही." पुंजारामानं वाचलं आणि मला विचारलं, "भाऊ, हे काय कोड्यात लिवलं पोरीनं?" मी म्हटलं, तू तुझं ताक पी.

खाली आणखी एक ओळ होती, ती त्यानं आधी वाचलीच नाही, मग वाचली. "तुम्ही काही लपवता आहात का?"

लपवत होतो. खाट हलत नाही. खाट ठीक आहे. मला नागीण झाली आहे, उजव्या कुशीवर, बरगडीच्या खाली. आषाढ सरता सरता आली. आधी वाटलं बनियनची शिवण टोचते, मग फोड आले. घाबरू नकोस, आता खपल्या धरल्या आहेत.

तुला हसायला येईल असं सांगतो. पुंजाराम रोज सकाळी मळ्यात जायच्या आधी यायचा, माझं बनियन वर करायचा आणि वाकून पाहायचा. "शेपूट कुठवर आलं, पाहू द्या." नागिणीचं तोंड आणि शेपूट कमरेभोवती जुळलं की माणूस संपला, हे तुझ्या आजोबांपासून सगळ्यांना पाठ. मी त्याला सांगितलं, अरे, हा नसेचा रोग आहे, नस एकाच बाजूला असते, शेपूट पलीकडे जाणारच नाही. तो म्हणाला, "बरोबर हाय तुमचं. पण पाहून घेतलेलं बरं." माणिकबाई रोज गेरू उगाळून आणायची आणि फोडांभोवती रेघ ओढायची, म्हणजे नागीण कुंपणाबाहेर जाणार नाही. आणि मी, एवढी पुस्तकं वाचलेला, बनियन वर करून गपगार बसायचो.

काहून बसलो, सांगतो. गेरूनं आग कमी होत नव्हती. पण गेरू लावायला एक माणूस शेजारी येऊन बसायचं. मोरीवर हात धुऊन यायचं, कपाळाला हात लावून बघायचं, "आता कसं वाटते भाऊजी" विचारायचं. तेवढा वेळ बरं वाटे. त्या नादात दवाखान्यात जायला उशीर झाला. अकोल्याचे डॉक्टर चिडले. म्हणाले, सुरुवातीच्या दिवसांत आला असता तर औषधानं नस वाचली असती. आता फोड जातील, पण दुखणं मागे राहू शकतं. चूक झाली, मान्य आहे.

पण मी गेरू लावताना तुझाच विचार करत होतो. माझ्या दुखण्यावर बोट ठेवता येतं. जो येतो तो विचारतो, "कुठे दुखतं, ते सांग." मी दाखवतो, आणि त्याला त्याचं काम मिळतं. कुणी शेक आणतो, कुणी पाणी. तुला कुणी हे विचारत नाही. तुला सगळे विचारतात, "आता काहून? वर्ष झालं ना?" तुझ्याकडे यायला लोक तयार नाहीत असं नाही, पोरी. गेरू कुठे लावायचा तेच त्यांना समजत नाही, म्हणून ते दारातूनच परत जातात. त्यात तू "आत या" म्हणत नाहीस.

संत्र्याच्या आंबिया बहाराची फळं यंदा गळून राहिली आहेत. सकाळी झाडाखाली हिरवी संत्री पडलेली असतात, उचलून टाकावी लागतात. वाकताना जरा लागतं. फार नाही.

बाबा


अकोट, २५ ऑगस्ट

दामिनी,

तुझं पत्र पोळ्याच्या आदल्या दिवशी आलं. पाकिटावर तुझं अक्षर पाहून मी ते आधी देवापुढे ठेवलं, मग माझाच मला राग आला आणि उघडलं.

तू लिहिलंस ते मला माहीत नव्हतं. आपण बाकावर बसण्याआधीचं ते, मी तेव्हा खाली औषध आणायला गेलो होतो. तू लिहितेस: "आईनं शेवटी माझा हात झटकला, बाबा. 'जाय, तू जाय इथून' म्हणाली. ते तिचं शेवटचं बोलणं. त्यानंतर मी बाहेर आले आणि डॉक्टरांना 'वाढवा' म्हटलं. मी ते तिच्यासाठी केलं, की मला तिचं ओरडणं ऐकवत नव्हतं म्हणून? गोदामावशी म्हणते ते एका परीनं खरं आहे. तिला अजून काही बोलायचं असेल. कदाचित ते 'जाय' तिनं परत घेतलं असतं. मी तिला तेवढा वेळ दिला नाही."

रात्री ते पुन्हा वाचलं. मग पोळ्याला एक गोष्ट झाली. ती लिहिताना मला लाज वाटते, पण तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

खपल्या गेल्या, कातडी साफ झाली. पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. पुंजारामानं यायचं बंद केलं, त्याचं शेपटाचं काम संपलं. आणि दुखणं वाढलं. डॉक्टर म्हणाले होते तसंच. आता तिथे काही नाही, आणि तिथेच आग आहे. सदऱ्याचं कापड घासलं तरी अंगावर उकळतं पाणी पडल्यासारखं होतं. पंख्याची हवासुद्धा लागते. मी ओसरीत अंगावर काही न घेता, डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून पडून असतो. तुला लिहिलं होतं "फार नाही". ते खोटं होतं.

पोळ्याच्या संध्याकाळी बैल मिरवून झाले. माणिकबाई पुरणपोळी घेऊन आली. मला उठवायला म्हणून तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. फक्त खांद्यावर. पण मी हललो, कूस खाटेच्या दोरीला घासली, आणि तो झटका आला. मी तिचा हात फेकला. ताट खाली पडलं. मी ओरडलो, "निघ इथून! जा!" रस्त्यावरची पोरं थांबून पाहायला लागली.

आता नीट वाच. मी माणिकबाईला म्हटलं नाही. तिथे कोण आहे हे मला माहीतच नव्हतं. बाई आहे की माणूस, आपलं आहे की परकं, काही नाही. एक हात होता आणि त्या हातामुळे जास्त दुखलं, एवढंच होतं. त्या वेळी तू आली असतीस तर तुलाही तेच म्हणालो असतो. तुझी आई, माझी शकुन, उठून आली असती तरी तिलाही. पोरी, त्या घटकेत मला तुझी आई आठवत नव्हती. बत्तीस वर्षांचा संसार, आणि मला तिचं नाव सांगता आलं नसतं. मळा नाही, संत्री नाही, तू नाहीस. मी शेषराव आहे हेही नाही. सगळं जग तळहाताएवढं झालं होतं आणि ते पेटलेलं होतं.

म्हणून सांगतो. तू समजतेस की तुझी आई त्या खाटेवर एक शब्द ओठांत धरून पडली होती आणि तू तो अडवलास. मी त्या जागेवर जाऊन आलो आहे. तिथे ओठांत शब्द धरायला कुणी शिल्लक नसतं. तू आणि तुझ्या पुस्तकातला माणूस म्हणता तसं दुखणं माणसाला वस्तू करतं, हे खरं आहे. मात्र तो ते पायरी उतरावी तसं लिहितो, जणू वस्तू होणं हे व्यथेपेक्षा हलकं आहे. त्याची कूस त्या दिवशी दुखत नसावी. व्यथेत तू तरी असतेस. रडतेस, चिडतेस, स्वतःला दोष देतेस, पत्र लिहितेस. माझ्या त्या घटकेत रडायलाही कुणी नव्हतं.

आणि "जाय" कुणाला म्हटलं होतं, ते मला आता माहीत आहे. हाताला म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी माझी माणिकबाईसमोर जायची हिंमत नव्हती. तीच आली, ताक घेऊन. भांडं लांबच ठेवलं, स्वतःही लांब बसली.

मी म्हटलं, "काल मी तुला..."

"हो. हाकललं तुमी मले."

"मला समजलं नाही गं कोण आहे ते."

"मले समजलं होतं ना कोण हाय ते," ती म्हणाली. "तुमी जाय म्हटलं म्हणून मी काय गेली का? भिंतीपाशी बसली होती. तुमची झोप लागली, मंग गेली." मग म्हणाली, "पोळ्या मात्र कुत्र्यानं खाल्ल्या. तूप जास्त टाकलं होतं मी."

तूही गेली नव्हतीस, दामिनी. तुला "जाय" म्हटलं, आणि तू बाहेर डॉक्टरकडे जाऊन परत तिच्या उशाशी येऊन बसलीस. शेवटपर्यंत. मी पाहिलं आहे.

बाबा


अकोट, ४ सप्टेंबर

चि. दामिनीस आशीर्वाद.

काल तू स्वतःहून फोन केलास. घरच्या बोलीत बोललीस, म्हणजे रागावली होतीस. ते बोलणं मी इथे उतरवून ठेवतो, कारण त्यात तू जे म्हणालीस ते तू नीट ऐकलंस असं मला वाटत नाही.

तू: "बाबा, डाक्टरनं रात्रीची गोयी देल्ली हाय ना? प्रणाली म्हणे तुमी घेऊनच नाई राहिले."

मी: "तिनं गुंगी येते."

"येऊ द्या."

"बोलणं जड होतं."

"नोका बोलू. कोण्या सभेत भाषण हाय तुमचं?"

मी म्हटलं, तुझ्या आईला काय होत होतं ते मला पाहायचं आहे. तिचं तिनं सोसलं, मी थोडं सोसून पाहतो. तू फोनवर एकदम ओरडलीस. "ते पाहून काय करता? दुखून राहिलं ना तुमाले? मंग घ्या ना गोयी. मले नाई ऐकवत."

मग तू फोन ठेवलास. मीही.

पोरी, तू विचारलं होतंस, मी ते आईसाठी केलं की मला ऐकवत नव्हतं म्हणून. काल तू दोन्ही कारणं एका दमात सांगितलीस. आधी माझं, लगेच तुझं, मधे श्वासही घेतला नाहीस. आता यातलं कोणतं खरं ते मला निवडून दे. मला तरी त्या दोहोंत सांधा दिसत नाही. ज्याला आपलं ओरडणं ऐकवतं, अशा माणसाच्या हाती मी तरी माझी गोळी देणार नाही.

आणखी एक सांगायचं आहे. लोक तुला समजावतात, की देवाची मर्जी होती, तू काहीच केलं नाहीस. मी तसं म्हणणार नाही. या बाबतीत मी तुझ्या पुस्तकाच्या बाजूचा आहे. त्या बाकावर आम्ही सगळे गप्प होतो, आणि गप्प राहणं हेही एक ठरवणंच होतं, ते आम्ही तुझ्या नावावर ढकललं. ठरवलं तू. तिला ठरवता येत नव्हतं, कारण ठरवायला ती उरली नव्हती. तिचं ओझं तू उचललंस. ते जड लागणारच. ते मी तुझ्याकडून काढून घेऊ शकत नाही, आणि घेतलं तर तुझं काहीतरी चोरल्यासारखं होईल. तू केलंस. आणि चांगलं केलंस. ही दोन वाक्यं मी वेगळी करणार नाही, तूही करू नकोस.

आज संध्याकाळपासून गोळी घेतो. तुझ्या शब्दाखातर.

पित्तरपाट येतो आहे. अविधवा नवमीला तुझ्या आईचं पान वाढायचं. गेल्या वर्षी वर्षाच्या आत होतं म्हणून केलं नाही, तेव्हा हे पहिलंच. तुला ठाऊक आहे, आपल्याकडे नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं एक सवाष्ण पाटावर बसवतात. ती जेवते तोवर तोंडातून शब्द काढत नाही, कारण तेवढा वेळ ती स्वतः नसते. माणिकबाई बसणार आहे. तिला तेवढा वेळ गप्प ठेवायचं म्हणजे नागिणीपेक्षा अवघड काम. पुंजाराम म्हणतो, "मले लग्नापासून जमलं नाई."

ये असं म्हणत नाही. तारीख कळवतो आहे. सोमवार आहे.

बाबा


अकोट, १६ सप्टेंबर

चि. दामिनी,

तू आली नाहीस. मी रागावलो नाही. दुपारची गाडी थांबली तेव्हा बांधापर्यंतही गेलो नाही, कारण घरात पानं वाढायची होती.

आधी गोळीचं सांगतो. पहिल्या दिवशी घेतली आणि मी मुद्दाम लक्ष ठेवून पडलो, की काय होतं ते तुला लिहायचं. फार पाहता आलं नाही. आधी शब्द गेले. "संत्रा" म्हणायचं होतं, ते ओठांपर्यंत आलं आणि पुंजारामाच्या बैलासारखं तिथेच बसलं. मग कूस दूर गेली, जणू ती शेजारच्या खाटेवर कुणाची तरी होती. बाहेर गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती, ती सगळ्यांत शेवटपर्यंत ऐकू आली. कुणी माझं काही हिसकावतं आहे असं मला वाटलं नाही. लहानपणी गाडीत झोप लागायची आणि कुणीतरी अंगावर गोधडी ओढायचं, तसं वाटलं. तुझ्या आईला असंच वाटलं असेल असं मी म्हणत नाही. मी तिच्या अंगात नव्हतो. पण तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या, ते तूही पाहिलंस आणि मीही.

आता कालचं. गोदामावशी सकाळीच आली. स्वतः येते म्हणाली, मी बोलावलं नव्हतं. तिनंच स्वयंपाक केला. वडे, कढी, खीर, आणि तुझ्या आईला आवडायची तशी भरली वांगी. माणिकबाई नवं लुगडं नेसून पाटावर बसली. मी तिच्या पायावर पाणी घातलं, कुंकू प्रणालीनं लावलं. पोरगी कालच्यासाठी सुट्टी काढून आली होती. सगळे बाजूला उभे. माणिकबाईनं पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि वांग्याचा घास तोंडात असतानाच म्हणाली,

"मीठ कमी हाय."

प्रणालीनं तोंडावर पदर दाबला. गोदा धावली. "बोलू नोको व माय. आज तू माणिक नाईस."

"बरं," माणिकबाई म्हणाली आणि पुन्हा जेवायला लागली. आम्हाला वाटलं, आता निभावलं. तिनं भात कालवला. कालवता कालवता हात थांबला. मान वर केली नाही. ताटातच पाहत म्हणाली,

"दामिनी काहून नाई आली?"

या वेळी कुणी तिला गप्प केलं नाही.  गोदाच्या हातात खिरीचं भांडं होतं. ती ते घेऊन पाटासमोर खाली बसली. माणिकबाईसमोर नव्हे, स्वतःच्या बहिणीसमोर बसावं तशी. म्हणाली, "तिले मी बोलली होती, शकुन. तेरवीच्या दिवशी. म्हणून नाई आली ती. माह्यानं चुकलं." आणि खीर वाढली. अर्धी पाटावर सांडली. माणिकबाईनं उजव्या हातानं खीर खाल्ली आणि डावा हात गोदाच्या डोक्यावर ठेवला. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. नंतर मी विचारलं, "तू असं काहून केलं?" तर म्हणाली, "मले काय माहीत भाऊजी. माह्या तोंडाले कुलूप नाई, हे तुमाले ठाऊकच हाय."

मी असल्या गोष्टी मानत नाही. माणिकबाईला गप्प बसवत नाही, एवढीच त्यातली खरी गोष्ट असेल. पण प्रश्न त्या पाटावरून आला आणि तो मी ऐकला. म्हणून तो जसाच्या तसा तुला पाठवतो आहे. मागच्या वर्षी त्या खाटेवरून तुला "जाय" ऐकू आलं होतं. त्याच्यापुढे हा ठेव. दोन्ही तुझ्याजवळ असू देत. आधीचा खोडू नकोस, खोडला जाणारही नाही.

गोदा आठ दिवस इथेच राहणार आहे. तुझ्या खोलीत झोपते. पेटीतलं पुस्तक मी माझ्या उशाशी आणलं आहे, अजून शेवटची पानं राहिली आहेत. समजलं नाही तर तुला विचारीन. क्लास सुरू केलास तर मुलांना सांग, अकोटला एक म्हातारा आहे, त्याचं तुमच्या पुस्तकाशी निम्मं पटतं.

कूस अजून दुखते. डॉक्टर म्हणतात, महिने लागतील, कदाचित थोडी नेहमीच राहील. मला चालेल. तीही राहील, तुझी व्यथाही राहील, आपण तिघं-चौघं मिळून राहू.

एकच मागतो. गोळी मी माझ्या हातानं घेतो, पण तू कधी आलीस तर एक दिवस ती तू दे. पाण्याच्या पेल्यासोबत, तुझ्या हातानं. मी ती घेईन, गुंगी येईल, बोलणं बंद होईल, मी झोपेन. तू जागी राहू नकोस, तूही झोप.

आणि सकाळी उठून मी तुझ्याकडे चहा मागेन.

तुझा
बाबा